यमूसारखी, इंदूसारखी, की कोणासारखीच नाही?

मंडळी, आजचा विषय वरवर खेळकर वाटेल. मराठी कादंबरीतल्या कोणत्या नायिकेशी आपलं सर्वांत जास्त साम्य आहे? हा खेळ आपण सगळेच मनातल्या मनात खेळत आलो आहोत. वामन मल्हार जोशींनी तर १९३४ साली कादंबरीच्या नावातच दोघी समोर ठेवल्या : 'इंदु काळे व सरला भोळे'. मनस्वी, कलेकडे ओढ असलेली इंदू आणि नावाप्रमाणेच सरळ सरला. आता खरं सांगा, वाचताना आपलं मन कोणाकडे झुकतं? आमचा अंदाज, इंदूकडेच. म्हणजे साम्य शोधायला बसतो आणि निवडून येतो ती आपली इच्छा!

म्हणून आम्ही म्हणतो, स्वभाव जुळवू नका. ती बाई कुठे अडकते ते बघा, आणि तिथे आपण अडकलो आहोत का ते बघा.

जळगावहून धुळ्याकडे निघालं की एरंडोलनंतर पारोळा लागतं. हरि नारायण आपट्यांचा जन्म तिथला, १८६४ सालचा. त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. लेखक जन्माने खानदेशातला, पण नायिका यमू पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरातली. नवरा तिला वाचायला-लिहायला शिकवतो, तो जातो, आणि मग घरातले पुरुष तिचं केशवपन करवतात. चोपड्याकडे कापूस वेचणारी बाई म्हणेल, आमच्यात कुठे होतं हो केशवपन? बरोबर आहे. वरून पाहिलं तर साम्य शून्य.

पण जरा थांबा. नवरा गेल्यावर बाईचं काय करायचं हे बाकीच्यांनी ठरवायचं, हा यमूचा खरा पेच आहे. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून दिरामागे फिरणारी विधवा आणि भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करणारी बहीण आपल्या गावात नाही का? तिने यमूला ओळखायला हरकत नाही. वस्तऱ्याच्या जागी कागद आला, एवढंच.

आता उलटं बघू. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. 'कोसला' १९६३ची. आपलं गाव, आपली माणसं, आपली बोलण्याची ढब, सगळं त्यात आहे. नाही ती फक्त नायिका! सर्वांत जास्त मनात राहते ती पांडुरंगची धाकटी बहीण मनी, आणि ती देवीच्या साथीत लहानपणीच जाते. त्या मृत्यूवर नेमाड्यांनी जे लिहिलंय ते मराठीतलं फार मोठं लेखन आहे, यात वाद नाही. पण आपल्या प्रांताच्या एवढ्या मोठ्या कादंबरीत खानदेशी वाचकिणीने स्वतःला शोधलं, तर तिच्या हाती न वाढलेली एक मुलगी लागते. याची चुटपुट आम्हाला लागते. त्यापेक्षा शेजारच्या वऱ्हाडातली, उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक जवळची वाटते. शिंप्याची बायको, घर एकटी ओढणारी, आणि बोलणारीही वऱ्हाडीतच.

कुणी म्हणेल, कादंबरी म्हणजे काय शिरगणती आहे, प्रत्येकीची नोंद करायला? नाहीच. दुसऱ्याच्या जगण्यात शिरता येणं हाच तर वाचनाचा लाभ. पण काहींना कायम दुसऱ्याच्याच घरात शिरावं लागतं आणि काहींना पुस्तक उघडलं की आपलंच घर दिसतं. हा फरक समीक्षेने मोजायला नको का?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. असोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता गायलेली गाणी घरातल्यांनी उतरवून घेतली. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली. ते कागद उतरले नसते तर? घरात एवढी मोठी बाई होऊन गेली हे घराबाहेर कुणाला कळलंही नसतं.

तेव्हा मंडळी, आपण कोणत्या नायिकेसारखे, हे जरूर शोधा. आणि उत्तर 'कोणासारखीच नाही' असं आलं, तर तो वाचकिणीचा दोष समजू नका. ती कादंबरी लिहायची राहिली आहे. आजी अजून ओट्यावर बसलेली असेल, तर तिच्या शब्दांत तिचा एक दिवस तरी उतरवून घ्या.