निवाडा कोणी करावा?

‘कॅम्प’ हा शब्द आम्हां देवळालीकरांच्या तोंडी रोजचाच. प्रिमो लेव्ही यांचे ‘द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड’ हे पुस्तक वाचताना मात्र त्याच शब्दाने आमचा थरकाप उडाला. तूरिनचे हे यहुदी रसायनशास्त्रज्ञ १९४४ साली ऑशविट्झच्या छळछावणीत नेले गेले व जिवंत परतले. मूळ इटालियन ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचा गाभा ‘करडा प्रदेश’ या प्रकरणात आहे. विषारी वायूच्या कोठड्यांतील प्रेते काढून जाळण्याचे काम नाझींनी यहुदी बंद्यांच्याच माथी मारले. नकार दिल्यास तत्काळ मृत्यू. होकार दिल्यास बहुधा काही महिन्यांनी. आपण निर्दोष आहोत हे समाधानही बळीपाशी उरू नये, हा त्यामागील सैतानी कावा लेव्ही उघड करतात. या बंद्यांचा निवाडा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, छावणी भोगलेल्यांनाही नाही, असे ते बजावतात. मात्र बळी व मारेकरी यांची ते गल्लत करीत नाहीत. लोड्झच्या यहुदी वस्तीचा प्रमुख रुमकोव्स्की याने १९४२ साली आईबापांकडे त्यांची लेकरे मागितली. त्याला ते दोषमुक्त करीत नाहीत. तरी त्याच्यात आपणा सर्वांचेच प्रतिबिंब त्यांना दिसते.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी त्याच छावणीत १९४१ साली दुसऱ्यासाठी प्राण दिले. आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून त्यांचा आदर्श मांडतो. परंतु हौतात्म्य हे देवाचे दान आहे. त्या मापाने इतरांना मोजू नये. भीती व बळजोरी यांनी दोष हलका होतो, हे आम्ही सेमिनरीतच शिकलो. शिवाय ७ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याच बंद्यांनी बंड करून एक दाहगृह पेटविले, हेही विसरू नये.

लेव्ही श्रद्धावंत नव्हते. जगलेल्याच्या मनातील लाज ते विलक्षण प्रामाणिकपणे मांडतात. ती कोणापुढे न्यावी, हे सांगत नाहीत. येथे ग्रंथ आम्हांस अपुरा वाटला. पण लगेच आमचीच जीभ अडखळली. शतकानुशतके ख्रिस्ती समाजाने सबंध यहुदी जातीवर प्रभूच्या मृत्यूचा दोष लादला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तो नाकारला. मग आम्ही कोणत्या तोंडाने निवाडा करावा?

पेत्र तर एका दासीच्या प्रश्नानेच डगमगला होता. प्रभूने त्याच्याच हाती कळप सोपविला. प्रौढ वाचकांनी हे पुस्तक जरूर वाचावे.