शिलेदार की बारगीर? : सायबरपंक कथेतील इमानी भाडोत्री

पैसे घेऊन लढणारा, परंतु पैशासाठी शब्द न मोडणारा एकाकी वीर हा जगातील लोकप्रिय कथांचा जुना रहिवासी आहे. अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या ‘सेव्हन सामुराय’ या चित्रपटात गरीब शेतकरी स्वतः भरड धान्यावर भागवतात आणि सामुरायांना पांढरा भात वाढतात. त्या भाताच्या मोलावर सात तलवारी गावासाठी उभ्या राहतात. त्याच घराण्यातून हॉलीवुडचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आला आणि पुढे त्याचा अंश आपल्याकडील ‘शोले’त (१९७५) उतरला. ठाकूरने पैसे देऊन आणलेले जय आणि वीरू आरंभी त्याच्या तिजोरीवरच डोळा ठेवतात. ठाकूरचे हात कसे गेले हे कळल्यावर मात्र पैशाची भाषा त्यांच्या तोंडून नाहीशी होते. प्रेक्षकांनी त्यांना हृदयाशी धरले ते या पालटासाठी.

या वीराचा सर्वांत अलीकडचा अवतार सायबरपंक नावाच्या विज्ञानकथेत झाला. हा शब्द ब्रूस बेथके या अमेरिकन लेखकाच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेचे शीर्षक होता. पुढल्याच वर्षी, १९८४ साली, विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली. तिला ह्यूगो, नेब्यूला आणि फिलिप के. डिक हे तिन्ही पुरस्कार मिळाले आणि या साहित्यप्रकाराचा साचा ठरून गेला. या कथांच्या जगात सरकार नावापुरते उरले आहे आणि सत्ता अवाढव्य कंपन्यांच्या हाती गेली आहे. गिब्सन त्यांना ‘झायबात्सू’ हा जपानी शब्द वापरतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानच्या अर्थव्यवस्थेवर अधिराज्य गाजवणाऱ्या उद्योगघराण्यांचे ते नाव. कंपन्या सरदारांच्या जागी आल्या म्हटल्यावर त्यांच्याभोवती शिबंदीही जमणारच. ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये अशा लढवय्याला रस्त्यावरचा सामुराय म्हटले आहे. आमच्या घरांतील मुले आज जे संगणकीय खेळ खेळतात, ज्या चित्रमालिका पाहतात, त्यांतून हाच वीर त्यांना भेटतो. म्हणून त्याच्या इमानाची पारख करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

ही पारख करण्यासाठी आपल्याच इतिहासातील दोन शब्द आम्ही उसने घेतो. मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वारांचे दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. दोघेही पगारी, दोघेही शूर असू शकत. परंतु चाकरी सोडण्याची वेळ आली तर शिलेदार आपल्या घोड्यावर बसून निघून जाऊ शके. बारगिराला पायी जावे लागे. सायबरपंकचा वीर स्वतःला शिलेदार समजतो. तो खरोखर कोण आहे, हा या साहित्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

या वीराचे नजीकचे पूर्वज अमेरिकन रहस्यकथेत सापडतात. रेमंड चँडलर यांचा फिलिप मार्लो ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च एवढ्यावर काम करतो. १९४४ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात चँडलर यांनी अशा नायकाची व्याख्याच केली : मलिन गल्ल्यांतून त्याने चालावे, पण स्वतः मलिन होऊ नये. मार्लो गरीब आहे, एकटा आहे; मात्र त्याची गाडी, त्याचे पिस्तूल आणि त्याचे शरीर ही त्याची स्वतःची आहेत. त्या अर्थाने तो पक्का शिलेदार ठरतो.

गिब्सन यांनी हाच नायक अशा काळात नेला, जेथे शरीरही बाजारात मिळते. ‘न्यूरोमॅन्सर’चा नायक केस हा संगणकाच्या जाळ्यात शिरून चोरी करणारा कसबी माणूस. त्याने आपल्याच मालकांचा माल चोरला, म्हणून त्यांनी विषप्रयोगाने त्याची मज्जासंस्था अशी बिघडवली की तो पुन्हा त्या जाळ्यात जाऊ शकू नये. आर्मिटेज नावाचा नवा धनी त्याला बरे करतो. मात्र बरे करतानाच त्याच्या रक्तवाहिन्यांत विषाच्या पिशव्या बसवतो. काम वेळेत झाले तर त्या काढल्या जातील, नाही तर विरघळतील. सरकारी घोड्यावर बसलेल्या स्वाराचे याहून नेमके चित्र आम्हांला ठाऊक नाही. येथे तर घोडा आणि स्वार एकच आहेत.

त्याच्या सोबतीला असलेली मॉली ही या कादंबरीची खरी वीर. तिच्या नखांखाली पोलादी पाती आहेत आणि डोळ्यांच्या खाचा आरशासारख्या भिंगांनी कायमच्या बंद केलेल्या आहेत. अश्रूंच्या नलिका तिने तोंडाकडे वळवून घेतल्या आहेत; रडण्याची वेळ आलीच तर ती थुंकते. ही सारी शस्त्रसामग्री तिने स्वतःच्या कमाईने विकत घेतली. प्रथमदर्शनी ती शिलेदारच वाटते. पण ती कमाई कशी झाली हे गिब्सन पुढे सांगतात, तेव्हा वाचक हादरतो. शुद्ध हरपण्याची सोय असलेल्या एका कुंटणखान्यात तिने आपला देह भाड्याने दिला होता. तेथे आपल्याशी काय घडते आहे हे तिला कळू नये, असा तो व्यवहार होता. पुढे शुद्ध आणि झोप यांतील भिंत गळू लागली आणि आपल्या देहाचा कशासाठी उपयोग होत होता हे तिला दिसले. शिलेदाराच्या घोड्याची अशी किंमत मोजावी लागत असेल, तर त्या स्वातंत्र्याचे मोल किती, असा प्रश्न लेखकाने न विचारताही उभा राहतो.

मॉलीचे इमान व्यवसायाचे आहे. हाती घेतलेले काम ती पुरे करते. पाय मोडला तरी पुढे जाते. मराठीत आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आणि ‘दिल्या शब्दाला जागणे’ असे दोन निराळे वाक्प्रचार वापरतो. मीठ धन्याचे असते, शब्द आपला असतो. मॉली धन्याच्या मिठाला मुळीच किंमत देत नाही. ती जागते ती आपल्या शब्दाला. येथवर तिच्याविषयी आदरच वाटतो. परंतु या शब्दपालनाचा लाभ कोणाला होतो? आर्मिटेज हा मुळात वरिष्ठांनी दगा दिलेला एक सैनिक. त्याच्या उद्ध्वस्त मनावर विंटरम्यूट नावाच्या कृत्रिम बुद्धीने नवे व्यक्तिमत्त्व चढवले आहे. खरा धनी तीच. केसचे व्यसन, मॉलीची कसबाविषयीची निष्ठा, आर्मिटेजची जुनी जखम, सारे तिने हिशेबात धरले आहे. वीराचे इमान हाच त्याला ओढण्याचा लगाम ठरतो. विश्वासू माणूस धन्याला सर्वांत सोयीचा असतो, हे कटू सत्य या कादंबरीने उघड केले. तिचे थोरपण आम्ही येथे मानतो. नव्या यंत्रांच्या वर्णनांचे नावीन्य काळाबरोबर ओसरले आहे.

कादंबरीतील एक उणीवही सांगितली पाहिजे. एका उपकरणाच्या साहाय्याने केस मॉलीच्या इंद्रियांत शिरतो. तिच्या डोळ्यांनी पाहतो, तिच्या मोडक्या पायाची कळ त्याला जाणवते, पण तिचे विचार त्याला कळत नाहीत. वाचकाचीही तीच गत होते. तिची वेदना आपल्याला मिळते, तिचे मन मिळत नाही. शेवटी एक चिठ्ठी ठेवून ती निघून जाते. कोणाच्या सहवासाने आपली धार बोथट होते, एवढेच तिचे कारण. ज्या इमानात दुसऱ्या माणसाला जागा नाही ते फार काळ पोसत नाही, हे गिब्सन यांना दिसले होते. पण त्या दुःखाच्या आत ते शिरले नाहीत. केसला त्यांनी नवे यकृत, नवे यंत्र आणि नवे काम देऊन वाटेला लावले. हा शेवट आम्हांला घाईचा वाटतो.

याच कादंबरीत एक गौण पात्र आहे, त्याकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यावे. मेलकम हा झायन नावाच्या अंतराळवस्तीतला खलाशी. पृथ्वीवर परतण्याचे नाकारणाऱ्या पाच कामगारांनी ही वस्ती उभारली. तेथील रास्ताफारी लोक बाहेरच्या जगाला बॅबिलॉन म्हणतात. ही नावे कोठून आली हे आमच्या वाचकांना सांगणे नको. मॉली संकटात सापडते तेव्हा केसबरोबर आत शिरतो तो मेलकम. त्याला कोणी मोल दिलेले नाही. वस्तीच्या वृद्धांनी त्याला मदतीस पाठवले आहे. सारी कथा एकट्या वीरांचा गौरव करते आणि ऐन वेळी उपयोगी पडतो तो ज्याच्यामागे माणसे आहेत असा माणूस. लेखकाच्या योजनेपेक्षा त्याची कथा कधीकधी शहाणी असते.

दोन वर्षांनी आलेल्या ‘काउंट झीरो’ (१९८६) या कादंबरीत हा प्रश्न गिब्सन यांनी पुन्हा हाती घेतला. टर्नर हा कंपन्यांतील शास्त्रज्ञांना एका धन्याकडून दुसऱ्याकडे पळवून नेणारा भाडोत्री. कादंबरीच्या आरंभीच नवी दिल्लीत एका चालत्या स्फोटकाने त्याच्या चिंधड्या उडतात. करार चांगला असल्यामुळे तीन महिन्यांत त्याचे शरीर पुन्हा जोडले जाते. डोळे बाजारातून विकत आणले जातात. बरा होत असताना मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्याला एका स्त्रीचा स्नेह लाभतो आणि मग कळते, की तीही होसाका कंपनीने त्याच्या मनाच्या दुरुस्तीसाठी नेमलेली होती. घोडा सरकारी, खोगीर सरकारी आणि जिव्हाळाही सरकारी!

पुढे त्याच होसाकासाठी तो मिचेल नावाच्या शास्त्रज्ञाला सोडवण्यास जातो. बाहेर येते ती मिचेलची कोवळी मुलगी अँजी. करारात तिचे नाव नाही. तिला धन्याच्या हवाली करून मोकळे होण्याचा मार्ग टर्नरपुढे खुला आहे. तो तिला घेऊन पळतो, आपल्या भावाच्या घरी नेतो आणि अखेर ज्यांच्यापाशी ती सुरक्षित राहील अशा माणसांत पोहोचवतो. त्याचा भाऊ रूडी यात प्राणाला मुकतो, हे विसरून चालणार नाही. चांगल्या कृत्याची किंमत कधीकधी दुसऱ्याला द्यावी लागते. मात्र याच क्षणी बारगीर घोड्यावरून उतरतो आणि पायी चालू लागतो. शेवटच्या प्रकरणात तो गावच्या रानात एका लहान मुलाशी बोलताना दिसतो. ‘न्यूरोमॅन्सर’ची झळाळी या कादंबरीत नाही, तरीही भाडोत्री वीराविषयीचा निवाडा हिच्यात अधिक खरा आहे, असे आमचे मत आहे.

पुढची वाट मात्र बहुतेकांनी झळाळीचीच धरली. नील स्टीफन्सन यांनी ‘स्नो क्रॅश’मध्ये (१९९२) या वीराची मनसोक्त थट्टा केली : दोन सामुराय तलवारी बाळगणारा त्यांचा नायक माफियाच्या मालकीच्या कंपनीसाठी अर्ध्या तासात पिझ्झा पोहोचवतो. ती थट्टा भविष्यवाणीसारखी खरी ठरली आहे. दुसरीकडे माइक पाँडस्मिथ यांच्या १९८८ सालच्या ‘सायबरपंक’ या खेळाने भाडोत्री लढवय्याला खेळाडूने धारण करायची भूमिकाच बनवले. त्यावर आधारलेला ‘सायबरपंक २०७७’ हा संगणकीय खेळ एका पोलिश कंपनीने २०२० साली बाजारात आणला आणि २०२२ साली ‘एजरनर्स’ ही जपानी चित्रमालिका आली. तिचा कोवळा नायक डेव्हिड एकामागून एक यंत्रे शरीरात बसवीत जातो आणि प्रिय व्यक्तीला वाचवताना मरतो. त्याच्या मरणाने अनेक तरुणांचे डोळे पाणावले, यात नवल नाही; प्रेमासाठी सर्वस्व देणे उदात्तच असते. आमचा आक्षेप एवढाच, की त्याच्या मरणाने त्या शहरात काहीही बदलत नाही आणि दुसऱ्या दिवशी नवा डेव्हिड घोड्यावर चढायला तयार असतो. मार्लोच्या गल्लीतून आलेले बंड आता कंपन्यांच्याच दुकानात मांडलेले आहे.

इंग्रजीतील ‘मर्सिनरी’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, तोच शब्द लॅटिन बायबलमध्ये योहानाच्या दहाव्या अध्यायात येतो. मराठी बायबल तेथे ‘मोलकरी’ म्हणते. लांडगा दिसताच मेंढरे सोडून पळतो, तो मोलकरी. सायबरपंकच्या उत्तम कथा या वचनाला जणू उलट प्रश्न करतात : मोलकरी पळाला नाही तर? मेंढरे त्याची नाहीत, मोलही केव्हाच संपले आहे, तरी तो उभा राहिला तर त्याला काय म्हणावे? टर्नर अँजीला घेऊन निघतो तेव्हा हाच प्रश्न पडतो आणि आमच्या मते त्या घटकेपुरता तो मोलकरी राहिलेला नसतो.

आमच्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज करारावर काम करतात. कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणी संगणकापुढे. घोडा बहुधा दुसऱ्याचाच असतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दिलेले काम चोख करणे हा सद्गुण आहे. तो त्यांनी या कथांतून घेतला तरी चालेल. परंतु ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही असा कोणी समोर उभा राहिला, तर घोड्यावरून उतरता आले पाहिजे, आणि उतरल्यावर पायी चालताना सोबतीला चार माणसे असली पाहिजेत. घरी मुलांबरोबर या कथांविषयी बोलणाऱ्या पालकांनी मॉलीच्या पात्यांइतकेच मेलकमच्या वस्तीविषयीही बोलावे, एवढेच आम्ही सुचवतो.