मनाला ‘सज्जन’ म्हटल्यावर

‘मनाचे श्लोक’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले नसतात, पाठ केलेले असतात. पाठांतर स्पर्धा, तिन्हीसांजेचा दिवा, आजीचा आवाज. त्यामुळे ही 205 श्लोकांची एक रचना आहे आणि तिच्याशी भांडताही येतं, हे सुचतच नाही. मी ती सलग वाचली ती फोनवर, रात्री दीडला. दिवसभर ज्या वस्तूने मन पळवलं, त्याच वस्तूवर.

आधी जे मला मनापासून आवडतं ते. वृत्त भुजंगप्रयात: चरणात चार ‘य’ गण, बारा अक्षरं. एक आखूड, दोन लांब, पुन्हा एक आखूड, दोन लांब. मोठ्याने म्हटलं की श्वास आपोआप लांबतो. चाफळच्या रामनवमी उत्सवासाठी शिष्यांनी भिक्षा मागताना म्हणावेत म्हणून हे श्लोक रचले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, उभ्याने, दारात म्हणायची चाल त्यांच्यात ऐकू येते. शिवाय कितीतरी ठिकाणी ओळीने आठ-दहा श्लोकांचा शेवटचा चरण तोच राहतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरायला दोन उपाय सांगितलेत, अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य रामदास सांगतात. अभ्यास मात्र ते करवून घेतात. झोप येत नसेल तेव्हा मला उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही, त्या परतून येणाऱ्या चरणाचा होतो.

उत्तरार्धात ब्रह्म, संगत्याग, अहंता असं ज्ञान येतं. तिथे रचना सैल पडते, असं माझं मत. लोकांच्या तोंडी सुरुवातीचेच श्लोक राहिलेत, ते उगाच नाही.

दुसऱ्याच श्लोकात ते मनाला ‘सज्जन’ म्हणतात. ही चाल फार हुशारीची आहे. शत्रू नाही, माकड नाही, एक भला माणूस समजून त्याला हाक मारायची. पण पुढे त्या भल्या माणसावर ‘हे नको, ते नको’ अशी सरबत्ती सुरू होते. आणि ऐकणारा मन असेल, तर बोलणारा कोण? रामदास याचं उत्तर देत बसत नाहीत. म्हणणारा प्रत्येक जण तो आवाज स्वतःच्या गळ्यात घेतो. स्वतःलाच समजावणं हे असं असतं, तोवर सगळं छान.

अडचण होते तो आवाज दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावर. अकरावा श्लोक घ्या. जगात सर्वस्वी सुखी कोण आहे, तूच शोधून बघ, असं तो मनाला विचारतो. इतका मायेचा प्रश्न मराठीत क्वचित कुणी विचारला असेल. आणि लगेच उत्तर: हे तुझंच पूर्वसंचित, ते भोगायला आलंय. वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी आईला हा श्लोक पूर्ण ऐकवला. पहिल्या अर्ध्याला आईने मान हलवली. दुसऱ्या अर्ध्याला ती उठून आत चहा ठेवायला गेली. कर्मसिद्धांत आपल्या परंपरेत मुरलेला आहे, मान्य. पण स्वतःच्या मनाला सांगितला तर तो धीर देऊ शकतो, समोरच्याला सांगितला की तो आरोप होतो. सोळाव्या श्लोकाच्या पहिल्या अर्ध्यात, एक मरतो, दुसरा रडतो, आणि तोही अचानक निघून जातो, एवढंच म्हटलंय. तिथे कुणाचा हिशेब काढलेला नाही. म्हणून तो जास्त खरा वाटतो.

ज्ञानेश्वर याच प्रश्नाकडे 1290 साली वेगळ्या बाजूने गेले होते. गीतेतला अर्जुन मनाला वाऱ्याची उपमा देतो. ज्ञानेश्वरांचा अर्जुन त्यात भर घालून विचारतो की माकड कधी समाधी लावून बसेल का? त्यावर कृष्ण म्हणतो, या मनाची एक गोष्ट चांगली आहे, गोडी लागली की ते तिथेच सोकावतं. मग त्याला आत्मसुखाचीच चव दाखवत राहा. इथे दटावणं नाही. रील्स बनवणाऱ्यांना हा स्वभाव पक्का ठाऊक आहे, फक्त ते चव कशाची दाखवतात ते आपण बघतोच. ‘माइंडसेट बदला’ म्हणून ओरडणाऱ्यांनी रामदासांचा दरारा तेवढा उचलला. ती चाल, तो परतणारा चरण, आणि मनाला आधी भलं मानण्याची रीत त्यांना पेलली नाही.