ऊष्म आणि घर्षक : मराठी वर्णविचारातील एक विसंगती

मराठी व्याकरणांच्या प्रचलित मांडणीत श, ष, स हे ‘ऊष्मे’ आणि ह हा ‘महाप्राण’ अशी वाटणी आढळते. आधुनिक ध्वनिशास्त्रातील ‘घर्षक’ ही संज्ञा पुष्कळदा ‘ऊष्म’ या संज्ञेला पर्याय म्हणून योजिली जाते. वस्तुतः ‘ऊष्म’ हे वर्णमालेतील एका गटाचे नाव आहे, तर ‘घर्षक’ हे उच्चारणक्रियेचे. मुखमार्ग पूर्णपणे न अडविता इतका अरुंद होतो की बाहेर पडणारी हवा घासल्याचा ध्वनी उमटतो, तेव्हा घर्षक सिद्ध होतो.

हा भेद केवळ नावाचा नाही, हे रत्नागिरीच्या फणसावरूनही दाखविता येईल. ‘फणस’ या शब्दातील आद्य वर्ण लेखनात महाप्राण स्पर्श होय. परंतु आज पुष्कळ मराठी भाषकांच्या तोंडी तेथे ओठ मिटतच नाहीत. खालचा ओठ वरच्या दातांशी येतो व हवा फटीतून घासत जाते. परीक्षा सोपी आहे : घर्षक श्वास पुरेल तोवर लांबविता येतो, स्पर्श येत नाही. ‘थोडेसे’ या अर्थाच्या ‘जरा’लाही हीच कसोटी लावावी. आरंभीचा अडथळा कायम असेल तर तो स्पर्शघर्षक. तो गळून नुसते घर्षण उरले असेल तर सघोष घर्षक. वार्धक्यवाचक ‘जरा’तील ज तालव्यच राहतो. लेखनात मात्र तिन्ही उच्चारांना एकच अक्षर. उलट ‘विशेष’मधील ष बहुतेकांच्या मुखी श झाला, तरी यादीतील त्याचे स्थान अढळ आहे!

याचा दोष प्राचीनांवर जात नाही. प, फ यांपूर्वीच्या विसर्गाच्या ओष्ठ्य उच्चाराला त्यांनी ‘उपध्मानीय’ असे स्वतंत्र नाव दिले होते, आणि क, ख यांपूर्वीच्या उच्चाराला ‘जिह्वामूलीय’. म्हणजे ओठांतील घर्षण त्यांनी नेमके हेरले होते. मराठीच्या वर्णमालेत ती अक्षरे उरली नाहीत, आणि अक्षराबरोबर विचारही सुटला.

अ. मा. घाटगे यांची कुडाळीची पाहणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. कुडाळ तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. तेथे विवेचन बोलीतील ध्वनींपासून सुरू होते, वर्णमालेपासून नव्हे. बोलीचे नमुने टिपणारा विद्यार्थी नुसते ‘फणस’ लिहून पुढे गेला, तर वक्त्याचे ओठ मिटले होते की नाही, हे त्या नोंदीवरून पुढे कोणालाही सांगता येणार नाही.