बिनछपराची कला

शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, नाटकासाठी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं. बाबुराव पेंटरांनी सिनेमाला इथं घर मिळवून दिलं. दोरावर चालणाऱ्या, झुल्यावर झेपावणाऱ्या, एकमेकांच्या खांद्यावर मनोरे रचणाऱ्या माणसांच्या वाट्याला मात्र या शहरात कधी छप्पर आलं नाही. त्यांच्यासाठी महिनाभर भाड्यानं घेतलेली मोकळी जागा, पाऊस लागायच्या आत गुंडाळायचा तंबू आणि पुढचं गाव. नाटकावर इथं पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, परीक्षणं लिहिली गेली. सर्कस आली की वर्तमानपत्रात जाहिरात येते, फार तर मुलांच्या गर्दीचा एक फोटो. खेळ कसा झाला, मागच्या वेळेपेक्षा सरस की नीरस, हे कुणी लिहीत नाही. ज्या कलेकडं टीकाकार फिरकत नाही तिची घसरण मोजायलाही कुणी नसतं. ती घसरण आज झाली आहे, आणि ती अंगच्या कसबाची नसून मांडणीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही कला परमुलखातून आलेली पाहुणी असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. त्यांना आश्रय मिळाला तो आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडच्या पटवर्धनांचा. इटालियन किअरिनीची सर्कस मुंबईत आली, ती पाहून छत्र्यांनी १८८० च्या सुमारास आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, ही कथा अनेकांना माहीत असते. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. छत्रे जसे कसलेले अश्वशिक्षक होते तसे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडं गाणं शिकलेले गवई होते. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ हलाखीत सापडले तेव्हा छत्र्यांनी त्यांना सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि लोकांना त्यांचं गाणं ऐकवलं. भूगंधर्व म्हणून गाजलेले हे रहिमतखाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच वारले. म्हणजे ज्या माणसानं आपल्याकडं सर्कस आणली त्याच्या एका कानात घोड्याच्या टापा होत्या आणि दुसऱ्या कानात ख्याल. लय म्हणजे काय हे त्याला दोन्हीकडून ठाऊक होतं. आजच्या तंबूत हिंदी सिनेमाची गाणी एकामागून एक कर्कश वाजत असतात. उडीचा त्या तालाशी काही संबंध नसतो, आणि कसरतपटू झेप घेतो ते गाण्याकडं कान बंद करूनच.

छत्र्यांच्या पाठोपाठ म्हैसाळचे देवल, कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी अशा एकाहून एक कंपन्या याच टापूतून निघाल्या. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी तर अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत मजल मारली. पण आपण कंपन्या काढल्या, शाळा काढली नाही. ती काढली केरळात. छत्र्यांची सर्कस तलश्शेरीला गेली असताना तिथल्या कीलेरी कुंजिकण्णन यांची आणि छत्र्यांची गाठ पडली. पुढं १९०१ मध्ये कुंजिकण्णन यांनी तिथं सर्कशीचं शिक्षण देणारी संस्था सुरू केली. मालक थकला की कंपनी बुडते, शिकवण्याची जागा त्यापेक्षा जास्त काळ तग धरते. स्वातंत्र्याच्या आसपास मालकीही आणि कलावंतही मोठ्या प्रमाणात मल्याळी झाले ते यामुळं. अर्थात केरळनंही पुढं हात आखडता घेतला. तिथल्या सरकारनं २०१० मध्ये तलश्शेरीला सुरू केलेली सर्कस अकादमी काही वर्षांतच बंद पडली.

आता शरीराच्या कसबाबद्दल. ते महाराष्ट्रात आज कुठं आहे, असं विचारलं तर उत्तर तंबूत सापडत नाही; ते तालमीत आणि व्यायामशाळेत सापडतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रूढ केलेला मल्लखांब आजच्याइतक्या उंचीवर क्वचितच पोचला असेल. एरंडेल चोपडलेल्या त्या लाकडावर मुलगा अढी घालतो, दसरंगानं उलटा होतो, बोंडावर एका पायानं तोल धरतो. दोरीच्या मल्लखांबावरच्या मुली पाहाव्यात. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर पकडून त्या वर चढतात, कमरेला आणि मांडीला तो असा वळवतात की कुठंही गाठ नसताना सारं अंग अधांतरी स्थिर राहतं. मग एक हात सोडतात, आणि पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. या मुली सकाळी शाळेत असतात, संध्याकाळी सरावाला. पोटासाठी त्यांना कुणी विकत घेतलेलं नाही, तंबूत डांबलेलं नाही. हे फार मोलाचं आहे.

पण या विद्येचं आपण फक्त खेळात रूपांतर केलं. खेलो इंडियात मल्लखांब आला, पदकं आली, सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची आशा आली. याचं स्वागतच आहे. मात्र संच रचला जातो तो पंचांसाठी. अवघडपणाला गुण, चुकीला वजावट. दोन पकडींच्या मधली शांतता, एखाद्या आसनात रेंगाळणं, पाहणाऱ्याच्या मनात काही उमटवणं याला गुणपत्रिकेत रकाना नाही. विशीच्या पुढं स्पर्धा संपते आणि दहा-बारा वर्षं घडवलेलं ते शरीर कुठल्या तरी कार्यालयातल्या खुर्चीत जाऊन बसतं.

तिकडं तंबूत नेमकी याच शरीरांची वाण आहे. वाघ-सिंहांवर १९९८ मध्ये बंदी आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. २०११ मध्ये लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर बंदी आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. त्या पिंजऱ्यांचं आणि त्या बालपणांचं समर्थन करणारं कुठलंही कलाप्रेम मला मान्य नाही. मालकांची चूक पुढची. प्राणी गेल्यावर रिंगण माणसासाठी मोकळं झालं होतं. त्या मोकळ्या जागेत नवं काही रचण्याऐवजी काहींनी यांत्रिक हत्ती आणून उभे केले. मुलं गेली तेव्हा व्यायामशाळांतल्या सज्ञान, तयार तरुणांकडं जायला हवं होतं; त्यांना पगार, विमा आणि मान देऊन बोलवायला हवं होतं. ते घडलं नाही.

तरीही शेवटचा झुल्याचा खेळ आजही पाहावा. टाळ्या झेप घेणाऱ्याला मिळतात. मी कॅचरकडं बघायला सांगेन. तो उलटा लटकून झोका घेत असतो आणि समोरचा कधी हात सोडणार हे त्यानं आपल्या झोक्यानं ठरवून दिलेलं असतं. क्षणभर पुढंमागं झालं की खाली जाळी. मनगट मनगटात बसतं तो क्षण कुठल्याही उत्तम नाटकातल्या क्षणाच्या तोडीचा आहे. आणि तो कसा वाया घालवला जातो? आधी निवेदकाची आरडाओरड, लगेच जोकराचा शिळा विनोद, मग दिवे लागतात आणि गर्दी चपला शोधू लागते. एका प्रसंगातून दुसरा उमलावा, साऱ्या खेळाला एक जग असावं, त्या जगाचे कायदे वेगळे असावेत, तिथली माणसं जमिनीला बांधलेली नसावीत, हा विचारच कुणी केलेला नाही.

कॅनडातल्या क्युबेकमध्ये तो १९८४ पासून केला गेला. सर्क द्यू सोलेलची मंडळी मुळात रस्त्यावर खेळ करणारी. त्यांनी प्राणी वगळले. कसरत, संगीत, वेषभूषा आणि कल्पित जग एकत्र विणलं. त्याआधीच, १९८१ मध्ये, माँट्रियलला सर्कशीची राष्ट्रीय शाळा निघाली होती, हे विसरू नये. पैशाच्या जोरावर ते जमलं असं म्हणणं सोपं आहे. आपल्याकडं कथा कमी नाहीत, संगीत कमी नाही. कोल्हापुरात तर मर्दानी खेळाचे आखाडे लाठी, बोथाटी, दांडपट्टा घेऊन आजही घुमतात. पट्ट्याची फिरत, दोरावरची मुलगी, हलगीची लय आणि एक जाणता दिग्दर्शक यांना कुणी एकत्र बसवलेलं नाही.

या साऱ्यांची जुनी वाट ज्यांच्या अंगणातून जाते त्या डोंबाऱ्यांबद्दल तर बोलायलाही आपण कचरतो. बांबूच्या दोन कैच्या, ताणलेला दोर, हातात आडवी काठी, खाली ढोलकी. सर्कशीच्या कितीतरी आधीपासून ही माणसं गावोगाव हेच करत आली. त्यांच्या मुलांनी शाळेत जावं, दोरावर नव्हे, यात शंका नाही. पण सज्ञान कलावंतांचं काय? १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून महाराष्ट्रात लागू आहे, आणि भिक्षेच्या त्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, खेळ करून दाखवणं या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे मागणंही येतं. दिल्लीत उच्च न्यायालयानं या कायद्याची बरीच कलमं २०१८ मध्ये रद्द केली. इथं मात्र दोरावरून चालून थाळी फिरवणारा माणूस अजूनही कायद्याच्या लेखी भिकारीच आहे. तीच चाल तिकीट लावून तंबूत केली तर तो कलावंत ठरतो. ही व्याख्या बदलणं विधिमंडळाच्या हातात आहे. शहरात ठरावीक चौक आणि ठरावीक वेळ देऊन परवाने देणं महापालिकेला जमण्यासारखं आहे, आणि या समाजातल्या जाणत्यांना व्यायामशाळांत मानधनावर शिकवायला बोलावण्यासाठी तर कुठल्याच कायद्याची वाट पाहावी लागत नाही.