गंगाजलीची साक्ष: वस्तू आणि तिच्याविषयीचे आकडे

संग्रहालयातील वस्तू हा इतिहासाचा पुरावा असतो, असे आपण शिकतो. तो तपासायचा कसा, हे मात्र शिकायचे राहून जाते. येथे जयपूरच्या सिटी पॅलेसमधील चांदीच्या दोन प्रचंड गंगाजल्या उदाहरणादाखल घेऊ. मुरलीपुऱ्यात पाहुणे आले की आम्ही त्या दाखवायला नेतो आणि ऐकलेले आकडे सांगून मोकळे होतो.

पार्श्वभूमी अशी: महाराजा सवाई माधोसिंह दुसरे 1902 साली एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले. प्रवासात आणि तेथे वापरण्यासाठी गंगेचे पाणी या पात्रांतून नेले. प्रत्येक पात्राची उंची सुमारे 1.6 मीटर, वजन सुमारे 345 किलो, क्षमता सुमारे 4,000 लिटर आणि त्यासाठी 14,000 नाणी वितळवली, असे सर्रास सांगितले जाते.

आता हिशेब करू. त्या काळचा चांदीचा रुपया 11 ते 12 ग्रॅमचा. 12 ग्रॅम धरले तरी 14,000 नाण्यांची चांदी 168 किलो भरते, म्हणजे एका पात्राच्या निम्मीही नाही. नाण्यांची संख्या किंवा वजन, यांतले एक चुकीचे आहे. नाहीतर उरलेली चांदी दुसरीकडून आली.

क्षमतेचे पाहू. 4,000 लिटर म्हणजे 4 घनमीटर. 1.6 मीटर उंचीचा सरळ पिंप धरला, तरी त्याचा व्यास सुमारे 1.8 मीटर हवा. गंगाजलीला तर निमुळती मान आणि अरुंद बूड आहे. म्हणजे तिचे पोट याहूनही रुंद हवे. समोर उभे राहून पाहा: पात्र उंचीपेक्षा रुंद दिसत नाही.

यावरून संग्रहालय निरुपयोगी ठरत नाही, उलट त्याचे मोल कळते. पुस्तिकांतले आकडे एकमेकांची नक्कल करतात. वस्तू तशी करत नाही. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणारा धर्माचार आणि साम्राज्याचे निमंत्रण, दोन्ही सांभाळण्याची त्या राजाची धडपड या धातूत दिसते. पण ती समजण्यासाठी दरबारी कागदपत्रेही लागतात. मोजमापाने फक्त आकार आणि वजन कळते, हेतू नाही.

स्वाध्याय: जवळच्या संग्रहालयातील एक वस्तू निवडा. तिच्याविषयी सांगितलेली तीन विधाने लिहा. त्यांपैकी कोणते वस्तू पाहून तपासता येते, कोणते गणिताने आणि कोणत्यासाठी कागदपत्रेच लागतील, ते कारणांसह मांडा.