पद्धतीची निवड आणि निवेदकाची जागा

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत संशोधनपद्धतीची निवड कारागिराने हत्यार निवडावे तशी वर्णिलेली असते. आधी प्रश्न निश्चित करावा. ‘किती’ असे विचारावयाचे असेल तर गणना करावी, ‘का’ असे विचारावयाचे असेल तर लोकांत जाऊन राहावे. हा उपदेश खोटा नव्हे. दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येवरील ग्रंथ लिहिताना सरकारी आकडेवारीचा आधार घेतला, कारण त्याचा प्रश्न एका दुःखी जिवाचा नसून समाजासमाजांतील प्रमाणभेदाचा होता. तथापि आपल्याकडील दोन उदाहरणे पाहिली, की हत्यारापेक्षा ते धरणारा हात अधिक महत्त्वाचा ठरतो.

इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे दोघेही मुंबईस घुर्यांचे विद्यार्थी. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या मोजमापांवर प्रबंध लिहिला होता. मोजमापाची शिस्त त्यांना पूर्ण अवगत होती आणि पुढेही त्यांनी ती सोडली नाही. परंतु पंढरीच्या वारीसंबंधी ‘वाटचाल’ हा लेख लिहिताना त्या दिंडीबरोबर चालल्या. एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले आणि त्याची खंत बोलून दाखविली. वेगळ्या पंगती मोजता आल्या असत्या. ती खंत मोजता आली नसती. शिवाय पाहणारी स्त्री स्वतः एका पंगतीची होती. तिने हे लपविले नाही, यातच त्या पद्धतीची प्रामाणिकता आहे.

श्रीनिवासांनी १९४८ साली म्हैसूरकडील एका खेड्यात मुक्काम करून टिपणे केली. १९७० साली कॅलिफोर्नियात लागलेल्या आगीत त्यांवरून सिद्ध केलेल्या साहित्याच्या प्रती जळाल्या, आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेला ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ त्यांनी मुख्यतः स्मरणाच्या बळावर लिहिला. ही पद्धत त्यांनी निवडली की ती त्यांच्यावर येऊन पडली? दोन्ही म्हणावे लागेल. आपत्तीने वाट दाखविली. तीवरून चालावयाचे त्यांनी ठरविले.

येथे आक्षेप येतो, की असे लेखन ललित होय, शास्त्र नव्हे. त्याचा पडताळा कोणी घ्यावा? आक्षेप रास्त आहे. एका दिंडीत चालून सर्व दिंड्यांचा हिशेब सांगता येणार नाही, आणि स्मरण आपल्या आवडीनिवडीनुसार गाळणी लावते. परंतु आकडाही कोणीतरी ठरविलेल्या रकान्यातच पडतो. पडताळ्याची पहिली अट एवढीच, की पाहणारा कोठे उभा होता हे वाचकास कळावे.

भाषांतरकारास हा प्रश्न परका नाही. ‘वाटचाल’ मराठीत ललित निबंध म्हणून वाचली गेली. १९६२ साली तिचे इंग्रजी भाषांतर आशियाविषयक एका विद्वन्मान्य नियतकालिकात आले आणि तीच वाटचाल समाजशास्त्राचा पुरावा झाली. मजकूर एकच, बदलली ती वाचकाची अपेक्षा. अशा वेळी मूळातील ‘मी’ संकोचाने पुसून टाकण्याचा मोह भाषांतरकारास होतो. शास्त्राला तो ‘मी’ शोभत नाही, असे त्यास वाटते. मी स्वतः या मोहात एकदोनदा सापडलो आहे. आता वाटते, की तो ‘मी’ पुसणे म्हणजे वाक्य नीटनेटके करणे नव्हे. पंगतीत कोण कोठे बसले होते, हेच पुसून टाकणे होय.